पेटीतला भुगा

आमच्या मामांना सगळा कारखाना थेंबमामा म्हणायचा. कारखाना दगडातून तेल काढणारा. दगडात तेल भरलेलं असतं आणि पिळलं की गळतं, असं काही नाही. दगड फोडायचा, भट्टीत पाचशे अंशांपर्यंत तापवायचा, तेव्हा कुठे त्यातून वाफ निघते आणि ती थंड केली की तेल होतं. भट्टी तापवायला पुन्हा त्यातलंच तेल जाळायचं. जाळलं त्याहून बरंच जास्त हाती लागलं, तरच या खटाटोपाला अर्थ. विहिरीतून आयतं तेल उपसणाऱ्यांना ही डोकेदुखी नसते.

खटाटोपाला अर्थ आहे की नाही, हे सांगणं मामांचं काम. खाणीत ड्रिलनं भोक पाडून काढलेले दगडाचे दांडे लांबट लाकडी पेट्यांतून त्यांच्या प्रयोगशाळेत येत. मामा ते कुटायचे, शंभर ग्रॅम पूड छोट्या भांड्यात तापवायचे आणि काचेच्या नळीत पडणारं तेल थेंबाथेंबानं मोजायचे. आठ मिली आलं की दगड चांगला. पाचाच्या आसपास आलं की भट्टी आपलं तेल बहुतेक आपणच खाणार.

माणूस भयंकर स्वच्छ. चष्मा दिवसातून दहा वेळा पुसणार, चहाचा कप स्वतः विसळणार. मामी म्हणायच्या, "माझा संसार दवाखान्यात झाला." पेटी उघडली की मामा दांडे बाजूला काढायचे आणि तळाशी साचलेला भुगा ब्रशनं झाडून बादलीत टाकायचे. मग तपासणी. तीस वर्षं हा नेम कधी चुकला नाही.

त्यांच्या आठच्या आकड्यावर कंपनीनं मोठी भट्टी बांधली, वसाहत बांधली, शाळा काढली. मला डंपरवर नोकरी लागली. मामांच्या मुलीचं, म्हणजे माझ्या मामेबहिणीचं लग्न भट्टीवरच्या मुख्य कारागिराशी झालं. ताई आणि भावोजी भट्टीसमोरच्याच घरात राहायचे.

भट्टीनं मात्र आठ कधी दिलंच नाही. सहाच्या आत-बाहेर. बोलणी कोणाला? भावोजींना. आच कमी ठेवता, वाफ गळते, लक्ष नसतं. दोनदा बढती हुकली. जेवायला बसल्यावर मामाही सुनावायचे, "आमचा दगड खोटं बोलत नाही जावईबापू, भट्टी नीट लावा." भावोजी खाली मान घालून जेवायचे. मला मामांचा तेव्हा राग यायचा, पण तेलाला भाव होता, पगार वेळेवर होता, त्यामुळे तो राग जेवण संपेपर्यंतच टिकायचा.

मग जगात तेलाचा भाव पडला. अर्ध्यावर आला. मुख्य कचेरीतून पत्र आलं: ताज्या वीस पेट्या तपासा. सरासरी सातच्या वर आली तर भाव सुधारेपर्यंत भट्टी मंद आचेवर जिवंत ठेवू, खाली आली तर बंद. भट्टी एकदा थंड झाली की आतल्या विटांना भेगा जातात आणि ती पुन्हा पेटवता येत नाही, नवीच बांधावी लागते. आम्ही कोणी घाबरलो नाही. मामांचा दगड आठ देतो, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ होतं.

नेमकी त्याच आठवड्यात मामांची कंबर धरली. वाकून पेटी झाडणं शक्य नव्हतं. त्यांनी पहिली पेटी भुग्यासकट कुटायच्या यंत्रात उलटवली. तेल आलं साडेपाच. नळी गळत असेल म्हणून धुतली, पुन्हा केलं. साडेपाच. दुसरी पेटी, तिसरी पेटी, तेच.

दुपारी मी त्यांना घरी न्यायला गेलो, तर ते स्टुलावर बसून होते. पुढ्यात मागच्या पेट्यांच्या भुग्याची बादली.

"तेलाचा दगड चिवट असतो रे," ते म्हणाले. "तो अख्खा राहतो. रिकाम्या दगडाचा भुगा होतो. मी तीस वर्षं रिकामा दगड झाडून टाकला आणि उरलेला मोजला."

कारखान्याच्या साहेबाला कळायला वेळ लागला नाही. साहेब वाईट माणूस नव्हता, त्याचीही मुलं इथल्याच शाळेत होती. हळू आवाजात म्हणाला, "मामा, नवीन काही करू नका. नेहमीसारखी पेटी झाडा आणि नेहमीसारखा आकडा पाठवा. कंबरेचं बघायला मी माणूस देतो."

मीही तेच म्हणालो. हे लपवण्यात अर्थ नाही. "मामा, एकदाच झाडा. ताईचा विचार करा."

"तिचाच करतोय. तिच्या नवऱ्यानं बारा वर्षं माझ्या चुकीची बोलणी खाल्ली."

त्यांनी विसाच्या वीस पेट्या भुग्यासकट तपासल्या आणि साडेपाच लिहून पाठवलं. आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यावा तो असा, आणि सोबत साऱ्या वसाहतीच्या पायावर.

भट्टीची आच भावोजींनीच बंद केली. पुढचे तीन दिवस आतून विटा तडकल्याचे आवाज येत होते. ताई खिडक्या लावून बसली होती.

महिन्याभरात ताई-भावोजींचं सामान टेम्पोत चढलं. मामा कंबरेला पट्टा बांधून निरोपाला आले आणि सगळ्यांदेखत भावोजींपुढे हात जोडून म्हणाले, "भट्टीचा दोष नव्हता. माझा होता."

भावोजी बराच वेळ दोरीची गाठ आवळत राहिले. मग म्हणाले, "हे बारा वर्षांपूर्वी सांगायचं होतं. नाहीतर आता तरी सांगायचं नव्हतं."

ताई टेम्पोत पुढे जाऊन बसली. तेव्हापासून ती मामींना फोन करते. मामांनी घेतला तर म्हणते, आईला द्या.

दोन वर्षांनी तेलाचा भाव चढला. नुसता चढला नाही, पूर्वी कधी नव्हता इतका चढला. मी तेव्हा दुसरीकडे ट्रक चालवत होतो, सुट्टीला म्हणून मामांकडे गेलो. वसाहतीत दिवे असलेली चार-पाचच घरं उरली होती. मामी केर काढत होत्या आणि मामा बाहेर पायरीवर बसले होते. हल्ली केरसुणीचा आवाज आला की ते उठून बाहेर जातात, असं मामींनी नंतर सांगितलं.

मांडीवर वर्तमानपत्र होतं, भावाच्या बातमीवर घडी घातलेलं.

"भट्टीच्या हिशेबाचे कागद तूच कचेरीत पोचवायचास," मामा म्हणाले. "खरं सांग. भट्टी मंद आचेवर ठेवली असती, तर आजच्या भावाला साडेपाच परवडलं असतं का?"

मला बोटांवरसुद्धा मोजावं लागलं नाही. परवडलं असतं. दोन वर्षांच्या आचेचा खर्च वजा जाऊनही परवडलं असतं. ताई अजून भट्टीसमोरच्या घरात राहत असती.

"नाही मामा," मी म्हणालो. "साडेपाच कधीच परवडलं नसतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"मग बरोबरच झालं," ते म्हणाले.