आरसाईचा रंग

सोनटक्के सर गेल्याचं मला मानवतच्या बसस्टँडवर कळलं. वर्गमित्रानं बसच्या खिडकीतून ओरडून सांगितलं आणि बस निघून गेली. महिना होत आला. सरांबद्दल लिहावं एवढी माझी पात्रता नाही, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. तरी लिहितो आहे, कारण त्यांची माफी मागायची राहून गेली...

सर तरुणपणी मूर्ती अभ्यासायला ग्रीसला गेले होते. तिथल्या पांढऱ्याशुभ्र संगमरवरी मूर्ती मुळात रंगवलेल्या होत्या, हे कळल्यावर आपल्या काळ्या दगडावरही रंग असणार, हा ध्यास घेऊनच ते परतले. शहरातली मोठी नोकरी सोडून परभणीला आमच्या कॉलेजात शिकवू लागले, कारण जुनी देवळं इथून सायकलच्या अंतरावर होती. जाणकार त्यांना हसत. सरही हसत. "पुरावा सापडू दे, मग बघू."

पुरावा आमच्याच गावात निघाला, पेडगावच्या पुढं. देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर हातात आरसा धरलेली एक बाई आहे. आम्ही तिला आरसाई म्हणतो. बहात्तरचा दुष्काळ सरला त्या वर्षी सर माझ्याबरोबर आले. चपला काढून त्यांनी विचारलं, "आई, हात लावू का?" प्रत्येक मूर्तीला ते असंच विचारत. मग तिच्या वस्त्राच्या चुण्यांवर भिंग धरलं. चुण्यांत जुना तांबडा रंग होता. "रंगीत फिल्म मिळाली की येतो. फोटोंसह लेख लिहायचाय," ते म्हणाले. "तोवर हिला सांभाळ."

फिल्म मुंबईहून यायला कित्येक महिने लागले. आली तेव्हा मी घरी निरोप धाडला, सर रविवारी येणार. मूर्तीला हात लावू नका, एवढं सांगायला मात्र धजलो नाही. देवीबद्दल थोरामोठ्यांना मी काय सांगणार?

रविवारी पाहतो तर आरसाईचा चेहरा गुलाबी, लुगडं हिरवंगार, आरसा चंदेरी. माझी आई पुढं झाली.

"सायेब, परदेश बघून आलेला पाव्हणा येयलाय, आन् आई अशी रंग उडालेली? बरं दिसतं का? काथ्यानं लय घासली, तवा कुठं जुना निघाला. मग आईलपेंट लावला."

सरांनी नेहमीसारख्या चपला काढल्या.

"ताई, पहिल्या कारागिरानंही हिला रंगच दिला होता. तुम्ही त्याचं काम पुढं चालवलंत."

"मंग काढा की फोटू!"

त्यांनी काढले. आईलाही शेजारी उभं केलं, सगळी फिल्म संपवली. परतीच्या बसमध्ये माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरी काही सांगू नकोस हं."

तो लेख त्यांनी लिहिलाच नाही. पुढं दोन वर्षं मी त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसलो. ते एकदाही रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं...

परवा गावी गेलो. सर गेल्याचं ऐकून आईनं रंगाचा नवा डबा आणला होता. "त्यास्नी आवडली व्हती ना रे? औंदा त्यांच्या नावानं रंगवू."

मी हो म्हणालो.

देवळापाशी चपला काढल्या. आरसाईचं मनगट भिंतीला टेकतं, तिथल्या फटीत काथ्या पोचला नव्हता. आत नखाएवढा तांबडा रंग दिसला. आई ब्रश घेऊन मागं उभी होती.

"सरक की बाबा."

"आई, इथं नको लावूस. ही... सरांची जागा हाय."

ती फटीकडे बघत राहिली. मग डबा खाली ठेवला आणि तिथली धूळ मायेनं पुसायला पदराचं टोक पुढं केलं.

या वेळी मी तिचा हात धरला.