रंगाखालचा स्नो

आमचे बाबा दशावतारात राणी करायचे. दिवसा भाताची शेती आणि थोडी काजूची बाग. दिवाळी झाली की दशावतारी नाटक कंपनीचा टेम्पो दारात येऊन उभा राहायचा आणि जत्रा संपेपर्यंत बाबा आमचे कमी आणि लोकांचे जास्त. गावात त्यांना सगळे राणीसायेबच म्हणत. रेशनच्या रांगेतसुद्धा.

आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. हे मी मिरवायला सांगत नाही. म्हणजे थोडं मिरवायलाही सांगते. कारण औषधाचं खोकं असो, गॅसचा कागद असो, इंग्रजीत काहीही आलं की बाबा ते माझ्यापुढे धरत. "वाच गो बाय, काय लिवलांहा ता." मी वाचायची आणि ते शेजारच्या ओसरीवर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणत, "बघ, माझ्या चेडवान वाचल्यान."

एकच वस्तू त्यांनी माझ्याकडे कधी वाचायला दिली नाही. त्यांचा स्नो.

जुने नट तोंडाला रंग लावण्याआधी स्नो नावाचं क्रीम चोळत. आता बाजारात तो जुना स्नो कोण घेतो? पण रंगाच्या खाली जे काही पांढरं चोळायचं, त्याला कंपनीत आजही स्नोच म्हणतात. बाबांचा स्नो एका छोट्या ट्यूबमध्ये होता. रंगाच्या पेटीत, सफेदा आणि काजळाच्या शेजारी. ट्यूब खालून गुंडाळत आणलेली. आवस, म्हणजे आमची आई, एकदा म्हणालीही होती, "ह्यो स्नो इतको बारीक कित्याक?" बाबा म्हणाले, "बरो आसा म्हणान."

त्या पावसाळ्यात बाबांचे गाल लाल झाले. आधी आम्हाला वाटलं उन्हाने. पण ऊन कुठलं, भाताचा तरवा लावायचे दिवस होते. मग नाकाच्या बाजूला बारीक पुळ्या आल्या, गालावर लाल शिरा दिसायला लागल्या, आणि चुलीपुढे बसलं तरी तोंड जळजळायचं. कंपनीतला राजा, म्हणजे राजा करणारा त्यांचा जोडीदार, घरी आला तो दारातूनच म्हणाला, "राणीसायेब, औंदा रंगाचो खर्च वाचलो. तोंड आयताच लाल आसा."

बाबा हसले नाहीत. सीझन जवळ येत होता, आणि तोंडच नसेल तर राणी कसली.

गावातल्या डॉक्टरांनी विचारलं, "तोंडाला काही मलम वगैरे लावता?" बाबा म्हणाले, "नाय." डॉक्टरांनी ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या. गुण आला नाही. मग मी त्यांना कुडाळला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाबा एरवी मालवणी सोडून बोलत नाहीत. पण दवाखान्यात, बँकेत, कचेरीत त्यांची मराठी थेट रंगमंचावरून येते. बाईंनी तोच प्रश्न विचारला, तेव्हा खुर्चीत ताठ बसून ते म्हणाले, "छे, छे. या मुखाला मी औषध म्हणून काहीही लावलेलं नाही."

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "दशावतारात असतात."

"मग रंग लावत असाल. पुढच्या वेळी येताना तोंडाला जे जे लागतं ते सगळं घेऊन या. उघडलेलं, अर्धवट संपलेलं, सगळं." आणि मग, जाता जाता विचारावं तसं त्यांनी विचारलं, "अंगावर आणखी कुठे खाज?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यासमोर कसं सांगणार? मी बाहेर जाऊन बसले. कमरेभोवती गजकर्णाचे मोठे चट्टे होते, हे मला नंतर बाईंनीच सांगितलं. राणीचं लुगडं कमरेला करकचून बांधायचं, रात्रभर घामाने भिजायचं, आणि सकाळी तसंच ट्रंकेत. दुसऱ्या दिवशी तेच लुगडं कदाचित दुसऱ्याच्या अंगावर.

पुढच्या खेपेला मी पेटी उचलूनच नेली. बाईंनी टेबलावर एकेक डबी काढून ठेवली आणि शेवटी ती ट्यूब उजेडात धरली.

"हे काय आहे?"

"स्नो," बाबा म्हणाले.

"कोणी सांगितलं स्नो?"

मग हळूहळू बाहेर आलं. काही वर्षांपूर्वी एका जत्रेच्या गावात कमरेला खाज सुटली म्हणून तिथल्या डॉक्टरने ही ट्यूब लिहून दिली होती. कमरेलाच, थोडे दिवस. खाज दोन दिवसांत थांबली. बाबांनी ट्यूब बाजूला ठेवली. खाज परत आली, ट्यूब परत आली. चिठ्ठी हरवली, पण मेडिकलवाल्याला रिकामी ट्यूब दाखवली की तो नवी देई. एके दिवशी पेटीतला खरा स्नो संपला आणि बाबांनी हीच तोंडाला चोळली. रंग असा बसला, असा बसला, की राजाने विचारलं, "काय लावलंस रे?" त्या दिवसापासून ती स्नो झाली. आणि स्नो काही औषध नव्हे. म्हणजे बाबा दोन्ही डॉक्टरांशी खोटं बोलले नव्हते.

मी ट्यूब हातात घेतली. सगळं लिहिलेलं होतं. केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, हेसुद्धा.

बाई रागावल्या नाहीत. सरळ सांगितलं. "यात तीन औषधं आहेत. एक जंतूंवर, एक बुरशीवर, आणि तिसरं स्टेरॉइड. खाज आणि लाली थांबवतं ते हे तिसरं. ते वाईट नाही. सांगितलेल्या जागी, पातळ थर, सांगितलेले दिवस. पण खाज थांबली म्हणजे बुरशी मेली असं नाही. ती आतून पसरते. आणि तोंडाची कातडी पातळ. तिला रोज हे चोळलं तर ती आणखी पातळ होते आणि मग याच्याशिवाय राहीनाशी होते. ही आजपासून बंद. बंद केल्यावर तोंड आधी आणखी लाल होईल. तेव्हा घाबरून परत हिच्याकडे जायचं नाही, माझ्याकडे यायचं."

"आणि रंग?" बाबांनी विचारलं.

"मी सांगेपर्यंत नाही."

बसमध्ये बाबा खिडकीकडे तोंड करून बसले. पिंगुळी मागे पडल्यावर म्हणाले, "कंपनीच्या मालकाक काय सांगू?"

"खरां ता सांगा."

"राणी स्नोन खाल्ली म्हणान?"

तोंड खरंच आणखी लाल झालं. आवस पेटीकडे बघायची आणि बाबांकडे बघायची. एकदा आरशापुढे उभे राहून बाबा मला म्हणाले, "एकदाच लावलां तर?" ट्यूब माझ्याकडे होती, कपाटात कुलूप लावून. मी दिली नाही. कमरेचे चट्टे बुरशीच्या औषधाने विरत गेले, पण विरले तरी बाईंनी औषध चालूच ठेवायला लावलं, आणि ते बाबांना मुळीच पटत नव्हतं. पंचा वेगळा, कपडे कडक उन्हात.

टेम्पो आला तेव्हा बाबा रंगाशिवाय चढले, झांज घेऊन. राणी दुसऱ्याने केली. बरी केली म्हणतात. टेम्पोतून राजाने हाक मारली, "स्नो तरी दी रे, तुका आता काय उपयोग?"

"तो स्नो नाय," बाबा म्हणाले. "औषध आसा. तुझ्या डॉक्टराक इचार."

शिमग्याच्या सुमाराला बाईंनी तोंड उजेडात नीट तपासलं. काही शिरा राहिल्या आहेत, त्या राहतील बहुतेक. त्यांनी विचारलं, "आता काय काय लावता?" बाबांनी सगळं सांगितलं. डोक्याला खोबरेल, कपाळाला गंध, दाढीचा साबण, त्यांनीच दिलेलं साधं क्रीम, पायाच्या भेगांना आवशीने दिलेलं कोकमाचं तेल. बाई लिहीत राहिल्या.

"एका प्रयोगाला रंग लावून बघा. आधी थोडा मानेला लावून बघायचा. जळजळलं तर धुवायचा आणि मला कळवायचं."

"आणि रंगाखाली?"

"हेच साधं क्रीम. दुसरं काही नाही."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच बाबांनी मालकांना फोन लावला. "येतंय मी. पण माझो रंग मी आणतलंय. आणि माझां लुगडां कोणाक दिवचां नाय. धुवन, सुकवन माझ्या पिशयेत." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नाय, स्नो नाय. चेडवान कुलपात घातल्यान."