पंकजाने हरलेली बैठक

केडगावच्या पंकजाने डूख धरला तो एका कव्हरवरून. नागापूरची तिची कंपनी दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवायची आणि ते कसं वापरायचं याची पुस्तिका लिहिणं हे पंकजाचं काम. सात महिने ती सकाळी केंद्रांवर जाऊन बसली. फॅट मोजताना मधेच वीज गेली तर काय करायचं, हे तिने कॅनच्या रांगेत उभं राहून समजून घेतलं. पुस्तिका छापून आली, तर लेखक म्हणून नाव तिच्या साहेबाचं, वैजनाथचं! आयत्या बिळावर नागोबा. वर त्याला बढतीही मिळाली. पंकजा मालकांकडे गेली, तेव्हा गोरक्षनाथ म्हणाले, "तू लिहिलंस, याला पुरावा काय?" वर्डची फाइल होती, शेवटचा हात ज्याचा, तोच तिचा धनी.

यंदा एका मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातली, की नवी पुस्तिका साध्या मजकुरात, प्रोग्रामच्या शेजारीच ठेवा. मजकुरात मथळ्याच्या, तक्त्याच्या खुणा कोणत्या पद्धतीने करायच्या, यावर बैठक बसली. पंकजाला धास्ती एकच होती. वैजनाथ म्हणेल, लिहा वर्डमध्येच, शेवटी मी एकदम चढवतो; म्हणजे पुन्हा सगळं त्याच्याच नावावर. म्हणून तिने मुद्दाम ॲस्कीडॉक या खुणांच्या किचकट पद्धतीचा हट्ट धरला. ती पूर्व म्हणाली की तो पश्चिम म्हणणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"एवढं अवघड कशाला? पहिल्या दिवसापासून मार्कडाऊन घ्या. हॅश टाकला की मथळा, संपलं!" वैजनाथ मालकांसमोर गरजला.

"बरं सर," म्हणून पंकजाने मान खाली घातली. मनातून मात्र ती नाचत होती. खुणांची पद्धत कुठलीही घ्या, मजकूर आता प्रोग्रामसारखाच पहिल्या दिवसापासून राहणार गिटमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, आणि गिट प्रत्येक ओळीपुढे लिहिणाऱ्याचं नाव नि तारीख धरून ठेवतं.

सहा महिने ती लिहीत राहिली. वैजनाथने शेवटी एकच ओळ घातली: लेखक, आणि पुढे स्वतःचं नाव.

गिऱ्हाइकाचे लोक तपासायला आले. वीज गेल्यावरच्या पानाबद्दल त्यांनी विचारलं, तर वैजनाथ चाचरला. "मग कोणी लिहिलंय ते बघू," म्हणत त्यांच्यातल्या बाईंनी पडद्यावर ओळीओळीची नावं उघडली. पंकजा, पंकजा, पंकजा. वैजनाथ आला तो एकदाच, कव्हरवर. पंकजाच्या काळजाला गारवा मिळाला. दया आली नाही, यावी असंही तिला वाटलं नाही.

पाहुणे गेल्यावर वैजनाथ तिच्या टेबलाशी आला. आजवर अगं-तुगं करणारा माणूस म्हणाला, "पंकजाताई, तेवढी ओळ काढून टाका ना."

"मी कशाला काढू, सर? ओळ तुमची हाय. बसा."

त्याने ओळ पुसली. काय बदललं ते लिहिल्याशिवाय गिट पुढे जाईना. 'लेखकाचं नाव काढलं,' त्याने टाइप केलं.

"कारण पन लिहा."

"ते लागतं का?"

"गिटला न्हाई लागत. मला लागतं."

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'हे मी लिहिलेलं नाही.' त्याने बटण दाबेपर्यंत पंकजा जागची हलली नाही.