सत्तावन्नचा आकडा

मी परळच्या एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो आणि माझी जीभ तिखट आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही. आई होती तेव्हा म्हणायची, "तुझ्या जिभेक हाड नाय रे," आणि मला उगाच आपण कुणीतरी भारी असल्यासारखं वाटायचं. पोरं हसतात, वर्ग ताब्यात राहतो, अजून काय पाहिजे? त्याच जिभेने बारावीतल्या एका मुलीचं मी जे केलं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

गणपतीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या लॅबमधले मामा चार दिवस आधीच गावी निघून गेले होते. सगळी सोल्युशनं तेच बनवतात, आणि नुसती बनवून ठेवत नाहीत, तपासून मग बाटलीवर चिठ्ठी लावतात. त्या दिवशी ते काम माझ्यावर आलं. मी प्रभादेवीहून निघालो आणि मंडपांच्या बांबूंमुळे बस जी अडकली ती अडकलीच. पोचेपर्यंत मुलं लॅबच्या दारात उभी. मी हायड्रोक्लोरिक ॲसिडची जुनी बाटली काढली. तिचं बूच सैल होतं, म्हणजे आतला वायू उडून ॲसिड कधीचंच पातळ झालेलं. हे मला दिसलं होतं, पण घाई होती. अंदाजपंचे पाण्यात ओतलं, ढवळलं, चिठ्ठी चिकटवली. तपासलं नाही.

प्रयोग साधा. ॲसिड आणि अल्कली एकमेकांत ओतायचे, दोघं एकमेकांना मारतात आणि त्यात उष्णता बाहेर पडते. थर्मामीटर किती चढला ते बघायचं आणि त्यावरून हिशेब मांडायचा. पुस्तकातलं उत्तर सत्तावन्न किलोज्यूल. आता खरं सांगायचं तर आमच्या त्या बीकरवर पुठ्ठ्याचं झाकण. थोडी उष्णता काच खाते, थोडी हवेत जाते. नेमकं सत्तावन्न कुणाचंच येत नाही. माझंही कॉलेजात कधी आलं नाही. पण सगळे आणतात. उत्तर माहीत असतं, त्यावरून उलटा हिशेब करायचा, तापमान किती चढायला हवं ते काढायचं आणि तेवढं रीडिंग लिहून टाकायचं. मी तसंच केलं होतं, माझी मुलंही करतात, मला ते माहीत आहे आणि मी सही करतो.

त्या दिवशी सगळ्यांचं सत्तावन्न आलं. एकीचं चाळीस.

ही मुलगी नायगावच्या चाळीत राहायची, वडील शिवडीच्या गोदामात हमाली करायचे. बोलायची कमी. तिने तीन वेळा प्रयोग केला होता, तिन्ही वेळा चाळीसच्या आसपास. वही घेऊन आली आणि म्हणाली, "सर, माझं दर वेळी कमीच येतंय. ॲसिड चेक करू का?"

ॲसिड चेक करू का! भर वर्गात. माझा पारा चढला.

"काय गं," मी म्हणालो, "एकोणसाठ जणांचं बरोबर आलं आणि तुझ्या एकटीसाठी निसर्गाने वेगळे नियम काढलेत का? हात धड चालत नाहीत आणि ॲसिडला नावं ठेवतेस. झेपत नसेल तर सांग, आर्ट्सला अजून जागा आहेत."

वर्ग खो खो हसला. तिने वही मिटली. रडली वगैरे नाही. जर्नलच्या त्या पानावर मी लाल पेनाने फुली मारली आणि बजावलं की हे दुरुस्त केल्याशिवाय सही मिळणार नाही. जर्नलवर सही नसेल तर बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं.

मुलं गेल्यावर मला काय वाटलं कोण जाणे, मी ब्युरेट, म्हणजे थेंबाथेंबाने ॲसिड मोजून सोडणारी नळी, लावली. दहा मिली अल्कलीला दहाच मिली ॲसिड लागायला हवं. दहा झालं, अकरा झालं, अल्कलीत टाकलेल्या इंडिकेटरचा गुलाबी रंग काही जाईना. चौदाला गेला. परत केलं, परत चौदा. म्हणजे ॲसिडच कच्चं होतं आणि त्या ॲसिडचं उत्तर चाळीसच यायला हवं होतं. साठ मुलांत एकीने खरोखर थर्मामीटर वाचला होता, आणि मी तिला आर्ट्सला धाडत होतो.

मी काय केलं? नळ सोडला आणि ते सगळं ॲसिड सिंकमध्ये ओतून दिलं. चिठ्ठीसुद्धा फाडली. नवीन बाटली फोडून, नीट मोजून, तपासून नवं सोल्युशन केलं. माझ्या आयुष्यात इतकं काळजीपूर्वक सोल्युशन मी कधी केलं नसेल.

गणपतीच्या सुट्टीनंतर ती आली. "सर, मी प्रयोग परत करू? मधल्या सुट्टीत करते, कुणाला त्रास नाही होणार."

नाही म्हणालो. का, ते स्पष्टच लिहितो. नव्या ॲसिडने तिचं पंचावन्न आलं असतं आणि मग तिला कळलं असतं की चूक कुणाची होती. "दर वेळी तुझ्यासाठी लॅब उघडायची काय?" असं म्हणून मी तिला वाटेला लावलं. तरी पोरगी हट्टी. खोटे आकडे लिहीना. महिना गेला, दीड महिना गेला, पान तसंच राहिलं.

मग एका शनिवारी वडिलांना घेऊन आली. घेऊन आली कसली, तेच तिला घेऊन आले होते. अर्धा दिवस बुडवला होता त्यांनी, शर्टाला गोणपाटाचे तंतू चिकटलेले. दारातूनच म्हणाले, "जय भीम, सर." मी नुसती मान हलवली. बसा म्हणालो नाही.

"सर, पोरीचं काय चुकलं असंल तर माफ करा," ते म्हणाले. "ती म्हणते, जे दिसलं ते लिहिलं. पण तुम्ही शिकलेले. तुम्ही म्हणता म्हणजे तिचंच चुकलं असणार."

आणि ते तिच्याकडे वळले. "सर सांगतात तसं लिही. शिकलेल्या माणसाच्या शब्दाबाहेर जायचं नसतं."

तिने माझ्याकडे बघितलं. भांडायला नाही, तर मी काहीतरी बोलेन म्हणून. एक वाक्य पुरलं असतं. 'तुमच्या मुलीचं बरोबर होतं, ॲसिड मी चुकीचं केलं होतं.' एवढंच. मी टेबलावरचा डस्टर सरळ करत राहिलो आणि म्हणालो, "हो, लिहून आण, मग बघू."

सोमवारी तिने जर्नल आणलं. चाळीस खोडून सत्तावन्न. मी सही केली, वर 'छान' असंही लिहिलं. नीच माणूस आहे मी. दुसरा शब्द नाही.

बोर्डाच्या प्रॅक्टिकलला चिठ्ठीत तिला नेमका तोच प्रयोग आला. ॲसिड या वेळी मामांनी केलेलं, चोख. बाहेरून आलेले परीक्षक आणि मी टेबलाशी बसलो होतो. मला वाटलं, चला, आज तिचं तिला खरं उत्तर मिळेल. तिने पेन काढलं आणि आधी रीडिंगचा तक्ता भरला. सगळा. मग ॲसिड बीकरमध्ये ओतलं. थर्मामीटर तिने हातातही घेतला नाही.

परीक्षक खूश. "एवढ्या लवकर? सत्तावन्न पॉइंट एक! रीडिंग तू स्वतः घेतलंस ना गं?"

"हो सर," ती म्हणाली. "आमच्या सरांनी शिकवलंय तसंच."

टोमणा नव्हता तो. तिला खरंच वाटत होतं की असंच असतं. मी पूर्ण मार्क दिले.