मालिकेच्या चुका काढणारे हवालदारकाका

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी हवालदारकाकांचा रुबाब तसूभरही उतरला नव्हता. त्यात एका गुन्हेमालिकेने त्यांना सल्लागार म्हणून बोलावलं, मग काय, दुधात साखर. खऱ्या प्रकरणावरची पटकथा वाचायची आणि चुका काढायच्या, एवढंच काम. चुका काढण्यात काका मुळातच पटाईत. उभ्या संसारात त्यांनी दुसरं केलं काय, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं.

या वेळचं प्रकरण त्यांच्याच चौकीचं होतं. एकामागून एक पाच बायकांचे जीव घेणारा माणूस. पटकथेत तो बुद्धिबळ खेळायचा, पोलिसांना कोडी पाठवायचा आणि एक देखणा इन्स्पेक्टर ती चुटकीसरशी सोडवायचा. काकांनी पानंच्या पानं खोडली. कसली कोडी नि कसलं काय, त्यांनी लेखिकेला सुनावलं. तो मेला पाण्याच्या टाक्या धुणारा, सही करतानाही अडखळायचा. हुशार वगैरे काही नव्हता, पोलीस झोपले होते म्हणून त्याचं फावलं.

लेखिका वयाने लहान, पण भलतीच चिवट. झोपले होते म्हणजे नक्की काय झालं, ते सांगितल्याशिवाय ती काकांना उठू देईना.

मग काकांनी घरीसुद्धा कधी न काढलेला विषय काढला. दोन खून झाले होते. लाँड्री चालवणारी एक बाई चौकीवर आली. टाक्या धुणारा एक माणूस मुलीच्या मागे लागलाय, म्हणाली. पण चौकीची हद्द रस्त्याच्या मधोमध संपायची आणि बाईचं घर पडलं पलीकडच्या बाजूला. ही आमची हद्द नाही, असं सांगून हवालदाराने तिला वाटेला लावलं. आठवड्याच्या आत तिची मुलगी गेली.

"तो हवालदार कोण?" लेखिकेने विचारलं.

"मी. आणि हे असंच दाखवणार असाल तरच मी पटकथेवर सही करीन."

तिने प्रसंग लिहिला. चित्रीकरणाआधी काका ती पानं घेऊन लाँड्रीत गेले. ती गल्ली ते इतकी वर्षं टाळत आले होते. पण जगाने पाहण्याआधी बाईंना आपल्या तोंडून कळायला हवं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. त्यांना भीती वाटत होती, पण एकदा ठरवल्यावर पाय मागे घेण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

बाई एका शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होत्या. काकांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं की तेव्हाचा हवालदार तो मीच.

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "रस्त्यात दिसता की. मला वाटलं, तुम्हीच विसरलात."

छे, विसरेन कसा, काका म्हणाले. मंगळवारची दुपार होती, तुमच्या हातात मुलीचा फोटो होता, सगळं जसंच्या तसं लिहून घेतलंय. एक अक्षर खोटं नाही.

बाईंनी इस्त्री उभी ठेवली, हात पुसले आणि पानं सावकाश वाचली. मग परत त्यांच्या हातात दिली.

"यात मी एकदाच आलेय. तीनदा आले होते मी. पहिल्या दोन वेळा तुम्ही मान वर करून पाहिलंच नाहीत."