दातांतली फट आणि रविवारची वंदना

बारावीनंतर डेंटलला नंबर लागला नाही, तेव्हा वडिलांनी विचारलं, "मग दातांचं दुसरं काही असतं का?" असतं. मुंबईत डेंटल हायजिनिस्टचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. तो करून मी रत्नागिरीला परतले आणि तेव्हापासून एकाच डॉक्टरांच्या दवाखान्यात आहे. डॉक्टर दात काढतात, भरतात, बसवतात. मी ते साफ करते आणि टिकवायचे कसे ते सांगते. लोक मला सिस्टर म्हणतात. मी दुरुस्त करत बसत नाही.

मला याद्या लागतात. खुर्चीसमोरच्या भिंतीवर माझ्या अक्षरातला कागद आहे: दात साफ करण्याआधी सांगायच्या सात गोष्टी. रक्त येईल. थंड पाणी दोन-तीन दिवस झोंबेल. पाचवी गोष्ट अशी की कीटण, म्हणजे दातांवर साचून दगडासारखा झालेला थर, निघालं की फटी उघड्या पडतात आणि दात हलल्यासारखे वाटतात. दात साफ केले की सैल होतात, असा आमच्याकडे पक्का समज आहे, म्हणून पाचवी मी दोनदा सांगते.

एकदा सांगितली नाही. संगमेश्वरच्या आतल्या गावातून साठी उलटलेल्या एक काकी आल्या होत्या. चाळीस वर्षं रोज सकाळी मशेरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची काळी पूड, बोटाने हिरड्यांवर चोळलेली. खालच्या पुढच्या चार दातांमागे कीटणाची सलग भिंत होती. त्यांना एसटी गाठायची होती. "बाय, ही गाडी चुकली तर पुढची चारला," असं त्यांनी तीनदा ऐकवलं, तेव्हा मी बोलणं सोडून थेट कामाला लागले. पाऊण तासात भिंत साफ. मला भलतंच समाधान वाटलं.

पुढच्या सोमवारी त्या दारातूनच सुरू झाल्या.

"काय गो, दात धुतलेस का पोखरलेस? वारा आरपार जातोय!"

"काकी, आधी बसा."

"बसतंय. तू आधी ऐक. सकाळ. सासू. सुपारी."

प्रत्येक 'स'मागे बारीक शीळ येत होती. माझ्या चेहऱ्यावर हसू आलं असावं.

"हस, हस. काल आख्खी वाडी हसली."

मग कळलं. वाडीतल्या बुद्धविहारात दर रविवारी वंदना काकीच सांगायच्या. त्या पुढे म्हणायच्या, बाकीचे मागून. सासऱ्यांनी समोर बसवून शिकवलेली, अक्षर न् अक्षर स्वच्छ. काल पहिल्याच ओळीला शीळ वाजली, मागच्या पोरी फिसकन हसल्या आणि काकींनी सुनेला खूण केली. पुढची सगळी वंदना सुनेने सांगितली.

"म्हातारपणानं आवाज गेला असता, तर गप बसलं असतं," त्या म्हणाल्या. "हा तू घालवलास."

"चूक माझीच. फटी पडणार हे मी आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतंस तर मी दात साफ केलेच नसते."

"म्हणूनच सांगायचं असतं, काकी."

तेव्हा कुठे त्या खुर्चीत बसल्या.

डॉक्टरांनी तपासलं. कीटणाने दात एकमेकांशी धरून ठेवले होते, पण खालचं हाड तेच खात होतं. चारही दात मागच्या बाजूने पातळ पट्टीने बांधता येतील, फट थोडी भरताही येईल, पण हिरड्या घट्ट झाल्यावर. त्याला दीड महिना लागणार होता आणि मशेरी बंद.

"मशेरीशिवाय माजं पोट साफ होत नाय," काकी म्हणाल्या.

मी त्यांना माझा नंबर दिला. डबीकडे हात गेला की आधी मला फोन. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला फोन वाजला. "उठलीस काय गो? नाय लावली." रोज एवढंच. एका सकाळी फोन आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "काल लावली. खोटं कशाला बोलू?" रविवारी मात्र त्या विहारात मागच्या रांगेत बसायच्या आणि ओठ मिटून मनात म्हणायच्या. हे त्यांनी एकदाच सांगितलं. मला ते दिवसभर सलत राहिलं.

सातव्या आठवड्यात डॉक्टरांनी दात बांधले. काकींनी चूळ भरली, पदर सारखा केला, हात जोडले आणि खुर्चीतच वंदनेची पहिली ओळ म्हटली. बाहेरच्या बाकावरून कुणा अनोळखी बाईने ती लगेच मागून म्हटली. काकींनी मान वळवलीसुद्धा नाही. दुसरी सुरू केली. डॉक्टर हातमोजे काढता काढता थांबले.

शेवटच्या 'स'ला किंचित शीळ उरलीच होती. मी तसं सांगितलं.

"ऐकलीय मी. मागचे जोरात म्हणाले तर कुणाला कळतंय?" त्या खुर्चीवरून उतरल्या. "सुनेला फोन लाव. म्हणावं, या रविवारी तू मागे बस."