अर्लिसबाई आणि वर गेलेला निकाल

आमची मिनेसोटातली सरकारी प्राथमिक शाळा एवढीशी, की चौथीत जेमतेम डझनभर मुलं. परीक्षेदिवशी एकाचं पोट बिघडलं तरी सगळ्या शाळेची टक्केवारी घसरते. मी बालवर्गाला शिकवते. मुख्याध्यापिका अर्लिस नूटसनबाई. दरवर्षी निकाल लागला की त्यांच्या खोलीतून ऐकू यायचं, “मुलं आहेत ही, शेअर बाजार नाही!”

त्या हिवाळ्यात टर्की कोंबड्यांचं मांस भरणाऱ्या कारखान्यात ग्वाटेमालाहून काही कुटुंबं कामाला आली. चौथीत युलालिया आणि तिची दोन चुलत भावंडं दाखल झाली. बाईंनी धडपडून स्पॅनिश दुभाषी मिळवली. ती मुलांशी थोडं बोलली आणि बाहेर येऊन म्हणाली, “यांना माझं काही कळत नाहीये. यांची भाषाच वेगळी आहे.”

एप्रिलमध्ये इंग्रजीतून गणिताची परीक्षा. नवीन मुलांनीही ती द्यायचीच, असा नियम. युलालिया संगणकाच्या पडद्याकडे बघत बसली आणि शेवटी डोकं टेकून झोपली.

शाळेचा निकाल आला : ‘सुधारणा आवश्यक’. कुठल्या समाजाची किती मुलं पास, त्या तक्त्यात ग्वाटेमालाच्या मुलांपुढे आकडा नव्हता, नुसती चांदणी होती. मुलं फारच थोडी, म्हणून त्यांची ओळख झाकायची. पण गावाला सगळं ठाऊक होतं. पालकसभेत ड्वेन व्हॉस्लर उभा राहिला.

“अर्लिसबाई, स्पष्टच बोलतो. त्या तीन पोरांनी आपली शाळा खाली ओढली.”

“ड्वेन, तू चौथीत माझ्याच वर्गात होतास. नऊचा पाढा तुला कधी आला नाही. तेव्हा शाळा खाली गेली होती का?”

लोक हसले. ड्वेनही ओशाळून हसला, पण खाली बसला नाही. “तेव्हा कोण मोजत होतं?”

“तेच म्हणतेय मी!” बाई ओरडल्या.

पुढचं वर्षभर शाळा सुटल्यावर बाई युलालियाला स्वतः घेऊन बसायच्या. पोर हुशार. नाताळपर्यंत वाचायला लागली, अपूर्णांक तर चटचट सोडवायची. शब्दांतली उदाहरणं मात्र अजून वाचून दाखवावी लागायची. मार्चमध्ये कारखान्याने एक पाळी बंद केली आणि ती कुटुंबं नेब्रास्काला निघून गेली. परीक्षेच्या तोंडावरच.

निकाल असा वर गेला की जिल्हा कार्यालयाने अभिनंदनाचा मोठा फलक पाठवला आणि बाईंना शाळा मंडळाच्या बैठकीत चार शब्द बोलायला बोलावलं.

“आम्ही काय केलं ते सांगते,” बाई म्हणाल्या. “जिच्यावर सगळ्यात जास्त मेहनत घेतली ती मुलगी गेली. म्हणून हा फलक आलाय.”

अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, “अर्लिस, आज तरी आनंदात राहा ना.”

फलक दारावर लागलाच.

दुसऱ्या दिवशी मी खोलीत गेले तेव्हा बाई फोनचा स्पीकर लावून नेब्रास्कातल्या शाळेशी बोलत होत्या. युलालियाला काय येतं, कुठे अडतं, सगळं सांगत होत्या. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ते ठीक आहे, पण तिचे मार्क यंदा आमच्यात धरणार की तुमच्यात?”

अर्लिसबाईंनी डोळे मिटून घेतले.

“पेन आहे ना हातात?” त्या म्हणाल्या. “मग अपूर्णांकांचं आधी लिहून घ्या.”